चार आणे पीक, पन्नास पैसे दुष्काळ

ऑफिसात कुणी गाव विचारलं आणि मी "कारंजा" म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, "अच्छा, वाशीमचं का?" नाही हो. ते कारंजा लाड. आमचं कारंजा घाडगे, जिल्हा वर्धा. नागपूरहून अमरावतीच्या रस्त्याला लागलात की कोंढाळी मागे पडते आणि मग आमचं गाव येतं. संत्रा, कपाशी, सोयाबीन, तूर आणि हायवेवरचे ढाबे. असो, गावाचं कौतुक पुन्हा कधीतरी.

तर झालं असं, की गेल्या दिवाळीत घरी गेलो होतो. मोठे बाबा (म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ) अंगणात बसले होते. फराळाची ताट समोर, पण लक्ष नाही. त्यांच्या संत्र्याच्या बगीच्याचा आंबिया बहाराचा विमा होता. ऐन फुलोऱ्यात अवकाळी पाणी आलं, बहार झडला. नाल्याच्या पलीकडच्या शेतकऱ्यांच्या खात्यात विम्याचे पैसे जमा झाले, मोठ्या बाबांच्या खात्यात शून्य. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "तुमच्या मंडळाचा ट्रिगर लागला नाही."

मला बघितल्यावर म्हणाले, "तू कंप्युटरवाला ना बे? मंग सांग, त्या मशीनले कसं समजलं का माह्या बगीच्यात पाणी नाही आलं?"

मी सांगायला सुरुवात केली. हवामान आधारित फळपीक विम्यात अवकाळी पावसासाठी बगीचा बघायला कुणी येत नाही. महसूल मंडळात एक स्वयंचलित हवामान केंद्र असतं, ते पाऊस आणि तापमान नोंदवतं. ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या आकड्याच्या वर पाऊस गेला तर अख्ख्या मंडळातल्या विमाधारकांना पैसे, नाहीतर कुणालाच नाही. तुमचा बगीचा एका मंडळात, नाल्यापलीकडचा दुसऱ्या मंडळात. तुमच्या मंडळाच्या केंद्रावर तेवढा पाऊस झालाच नाही. म्हणजे यंत्र खोटं बोललेलं नाही, ते फक्त दुसऱ्या जागेबद्दल खरं बोललंय. विम्यात याला 'बेसिस रिस्क' म्हणतात, वगैरे वगैरे.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्याकडे म्हणतेत, पाणी बैलाच्या एका शिंगावर पडते अन् दुसरं कोरडं रायते. हे तुह्या मशीनले माईत नाही का? बरं, नसन माईत. मंग तक्रार कोठी करू?"

आणि इथे माझी बोलती बंद झाली. पुण्यात बसून दिवसभर मी हेच करतो: डेटा घ्या, मॉडेल चालवा, थ्रेशोल्ड लावा, उत्तर द्या. पण उत्तर चुकलं असं ज्याला वाटतं त्यानं कुठे जायचं, हा प्रश्न आमच्या एकाही डिझाइन मीटिंगमध्ये कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

परत आल्यावर तीन-चार वीकेंड वाचत बसलो. सुरुवात एआयच्या धोरणांपासून केली आणि पोचलो थेट आणेवारीपर्यंत. आणि लक्षात आलं, की हा प्रश्न आपल्याकडे शंभरहून जास्त वर्षं जुना आहे. त्याची काही उत्तरंही आपल्याच माणसांनी शोधून ठेवली आहेत.

आणेवारी हा शब्द गावाकडच्या प्रत्येकानं ऐकलेला असतो, पण शहरात वाढलेल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. रुपयाचे सोळा आणे. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे पीक, निम्मं आलं तर आठ आणे. इंग्रजांच्या काळात शेतसारा ठरलेला असायचा, पण पीक बुडालं तर तो तहकूब करायचा नियम होता. मुंबई इलाख्यात पीक चार आण्यांच्या खाली गेलं तर त्या वर्षीची वसुली पूर्ण थांबवायची. आमच्या भाषेत सांगायचं तर एक साधी इफ-एल्सची ओळ. आत जाणारा आकडा एकच: किती आणे पीक? पण तो आकडा ठरवणार कोण? तर ज्याला सारा वसूल करायचा आहे तेच खातं!

१९५७ मध्ये दशमान पद्धतीची नाणी आली, आणे गेले आणि आणेवारीची पैसेवारी झाली. आपल्याकडे पन्नास पैशांची रेघ ठरली. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत आली तर टंचाईच्या सवलती, वर गेली तर नाही. एकोणपन्नास आणि एक्कावन्न यांच्यामध्ये शेतात काहीच फरक दिसत नाही, पण कागदावर दोन वेगळी गावं होतात. थ्रेशोल्ड लावणाऱ्या प्रत्येकानं हे एकदा डोक्यात ठेवावं.

आता दोन गोष्टी सांगतो. दोन्ही तुम्ही शाळेत वाचल्या असतील, पण या बाजूनं बहुधा नाही.

पहिली १८९६ची. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळानंतर सरकारनं आयोग नेमला आणि १८८०च्या दशकात प्रांतोप्रांती फॅमिन कोड तयार झाले. कामं कधी काढायची, मजुरी किती, सारा कधी तहकूब, सगळं लिहिलेलं. नियम चांगले होते, पण इंग्रजीत आणि कचेरीत. १८९६ मध्ये पाऊस गेला तेव्हा टिळकांनी आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनं काय केलं? सरकारचाच तो कोड मराठीत समजावून सांगितला. 'केसरी'तून लिहिलं, सभेची माणसं गावोगाव पाठवली आणि लोकांना सांगितलं, की सरकारनं स्वतः हे लिहून ठेवलंय, हा तुमचा हक्क आहे, मागा. कायदा मोडा असं कुणी म्हणत नव्हतं, नियम वाचा एवढंच म्हणत होते. तरीही सरकार इतकं बिथरलं की १८९७ मध्ये त्यांनी सार्वजनिक सभेची मान्यताच काढून घेतली.

आज आपण 'अल्गोरिदमिक ट्रान्सपरन्सी'वर कॉन्फरन्स भरवतो. ज्याच्यावर नियम लागू होणार त्याला तो त्याच्या भाषेत कळला पाहिजे, हे काम टिळकांनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी करून दाखवलं. आणि नियम नुसता कळल्यानं सत्तेचा तोल किती हलतो, तेही त्यातून दिसलं.

दुसरी गोष्ट १९१८ची, खेड्याची. म्हणजे गुजरातमधल्या खेडा जिल्ह्याची, जो तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. १९१७ मध्ये अतिवृष्टीनं पीक गेलं. शेतकरी म्हणाले पीक चार आण्यांच्या आत आहे, सारा तहकूब करा. अधिकारी म्हणाले चार आण्यांच्या वर आहे, भरा. सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीच्या देवधर, जोशी, ठक्कर यांनी जाऊन पाहणी केली. गांधीजींनी गावोगाव फिरून चौकशी केली. मग त्यांनी सरकारकडे एक मागणी केली: तुमचा आकडा आणि आमचा आकडा जुळत नाही, तर मग पंच नेमा. सरकारनं हे मान्य केलं नाही. सरकारच्या आकड्यावर पंच बसवायचा म्हणजे जणू राजद्रोहच! मार्चमध्ये नडियादहून सत्याग्रह सुरू झाला, जूनमध्ये संपला. ज्यांची ऐपत आहे त्यांनी भरावं, गरिबांची वसुली तहकूब, असं ठरलं.

आपण खेडा सत्याग्रह म्हणजे साराबंदी एवढंच पाठ केलेलं असतं. पण मुळात ते भांडण होतं एका हिशेबावर फेरतपासणी मागण्याच्या हक्काचं. आकडा चुकू शकतो, हे सरकारला कळत नव्हतं असं नाही. आकड्याला कुणी प्रश्न विचारावा, हेच त्यांना चालत नव्हतं. हे गांधीजी पुढे १९३६ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला येऊन राहिले. शाळेच्या सहलीत त्यांची कुटी किती वेळा बघितली असेल! पण आणेवारीचा आणि त्यांचा हा संबंध कुणी सांगितला नव्हता.

आता थोडं तांत्रिक, कंटाळू नका.

नजरेनं आणे ठरवायचे तर बघणाऱ्याच्या नजरेवर सगळं. यावर उपाय म्हणून शास्त्रशुद्ध पीक कापणी प्रयोग आले. बंगालमध्ये महालनोबिस हे काम करत होते आणि इकडे आपले पांडुरंग वासुदेव सुखात्मे. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जन्म १९११चा, पुढे रोमला जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्राचे प्रमुख झाले. पद्धत अशी: शेत कुठलं निवडायचं ते अधिकाऱ्याच्या मर्जीवर नाही, यादृच्छिक आकड्यांवर. त्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, झोडायचं, वजन करायचं.

पण तुकडा केवढा? महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्म्यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न जास्त भरतं. कारण सीमेवरची रोपं आत धरायची की बाहेर, अशी शंका आली की मोजणाऱ्याचा हात ती नकळत आत ओढतो. तुकडा जितका लहान तितकी कड जास्त, आणि तितकीच चूक जास्त. चोर कुणीच नाही, तरी आकडा एकाच बाजूला झुकतो. आमच्या क्षेत्रात हल्ली 'बायस' हा शब्द फार स्वस्त झालाय. त्यानं नेमकं काय होतं हे समजून घ्यायचं असेल तर याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. आणि सुखात्म्यांना ही चूक सापडली कशी? मोठ्या क्षेत्राचं पीक प्रत्यक्ष कापून, त्याच्याशी ताडून. नुसतं लहान तुकड्यांच्या आकड्यांकडे बघत बसले असते तर ती कधीच दिसली नसती.

आता यात उपग्रह आलाय. पंतप्रधान पीक विमा योजनेत २०२३च्या खरिपापासून 'येस-टेक' नावाची पद्धत आली. आधी भात आणि गहू, मग सोयाबीन. गावच्या उत्पन्नाचा अंदाज बांधताना किमान ३० टक्के वजन उपग्रह आणि मॉडेलवरून काढलेल्या आकड्याला द्यायचं. कापणी प्रयोगात गडबडी होतात म्हणून हे आणलं, आणि हेतूत मला काही चूक दिसत नाही.

पण एक इंजिनीअर म्हणून दोन गोष्टी खटकतात. पहिली, अशी मॉडेल्स तपासायची कशावर? शेवटी कापणी प्रयोगांच्याच आकड्यांवर. त्यात सुखात्म्यांची ती कड असेल तर मॉडेल ती कडही इमानदारीनं शिकणार. दुसरी, उपग्रहाला मुख्यतः दिसतो हिरवेपणा. २०१७च्या खरिपात विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तेव्हा झाडं हिरवीगार उभी होती. नास होता तो बोंडाच्या आत. अंतराळातून बोंड फोडून बघता येत नाही. आमच्याकडे बांधावरच्या शेंबड्या पोरालाही ते येतं.

इथे माझ्या रूममेटनं (पक्का पुणेकर, सॉफ्टवेअरवाला) हा लेख वाचून आक्षेप घेतला: "मग काय, तलाठ्याच्या नजरेकडे परत जायचं? मशीन निदान पैसे तरी खात नाही." बरोबर आहे त्याचं. पैसेवारी पन्नासच्या वर ढकलली म्हणून गावागावात किती शिव्या खाल्ल्या गेल्यात, हे मी लहानपणापासून ऐकतोय. समितीत सरपंच असतो, तलाठी असतो, शेतकरीही असतात, म्हणून ती न्यायीच असते असं नाही. माझं म्हणणं एवढंच, की त्या जुन्या, भोंगळ पद्धतीत एक गोष्ट होती. हंगामी पैसेवारी आधी जाहीर करायची, हरकती मागवायच्या, त्या ऐकायच्या आणि मगच अंतिम पैसेवारी. आमच्याकडे ती डिसेंबरअखेरीस येते. हरकतीचा तो रकाना कितीही धुळकट असो, तो आहे. मोठ्या बाबांच्या विम्याच्या निकालात मला तो सापडला नाही.

दुष्काळाचंच बघा. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रानं दुष्काळ व्यवस्थापनाची नवी संहिता काढली आणि २०१७ मध्ये राज्यानं ती स्वीकारली. पाऊस, उपग्रहानं मोजलेली वनस्पतींची स्थिती, जमिनीतला ओलावा, भूजल असे निर्देशांक, आणि मग दहा टक्के गावांत जाऊन प्रत्यक्ष पडताळणी. पैसेवारीपेक्षा हे लवकर होतं यात शंका नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. नंतर आणखी २६८ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' मान्य करावी लागली. २०२३ मध्ये तर निकषांतून ४० तालुके निघाले. ओरड झाली, तेव्हा पावसाची एक साधी अट लावून आणखी १०२१ मंडळं सवलतींसाठी घेतली. आमच्या ऑफिसात एखाद्या मॉडेलचं उत्तर रिलीजनंतर इतकं दुरुस्त करावं लागलं असतं, तर बॉसनं मिटिंग रूममध्ये बोलावून दार लावून घेतलं असतं :)

पण चांगली बाजू ही, की दुरुस्ती झाली. का झाली? कारण आमदार ओरडले, मोर्चे निघाले, पेपरात आलं. अख्खा तालुका ओरडला तर ऐकू जातं. एकट्या मोठ्या बाबांचं काय?

कर्जमाफीतून आपण हे थोडं शिकलो होतो. २०१७च्या कर्जमाफीत शेतकऱ्यांना ऑनलाइन अर्ज भरायला लावले, नवरा-बायकोनं केंद्रावर जाऊन अंगठे लावायचे, मग बँकांची माहिती आणि अर्ज संगणकानं जुळवायचे. ते जुळता जुळेनात आणि दिवाळीत मिळायची माफी लांबत गेली. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या कर्जमाफीत अर्जच काढून टाकला. बँकांकडून याद्या घेतल्या, त्या गावात लावल्या. शेतकऱ्यानं आधार पडताळताना आपल्या नावापुढची रक्कम बघायची, पटली तर हो म्हणायचं, नाही तर जिल्ह्याच्या समितीकडे तक्रार. यातही लोक अडकले असतीलच. पण पैसे जमा व्हायच्या आधी "हा आकडा बरोबर आहे का?" असं ज्याचा आकडा त्यालाच विचारलं. माझ्या मते तंत्रज्ञानापेक्षा हा बदल मोठा होता.

असा रकाना नसला की काय होतं, ते ऑस्ट्रेलियानं बघितलंय. तिथे 'रोबोडेट' नावाच्या योजनेत सरकारी भत्ता घेणाऱ्यांचं वर्षाचं उत्पन्न घेऊन ते पंधरवड्यांवर सारखं वाटलं. ज्यांना सहा महिने काम होतं आणि सहा महिने नव्हतं, त्यांनी बेकारीतही कमावलं असं कागदावर निघालं आणि त्यांना वसुलीच्या नोटिसा गेल्या. चूक झाली नाही हे सिद्ध करायची जबाबदारी नोटीस मिळालेल्यावर! २०२० मध्ये सरकारनं सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे पैसे परत करायचं कबूल केलं, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगानं सगळं वाभाडं काढलं. त्यात एआय वगैरे काही नव्हतं, शाळेतली सरासरी होती. मंडळाच्या एका केंद्रावरून सगळ्या बगीच्यांचा पाऊस ठरवणं आणि वर्षाच्या उत्पन्नावरून प्रत्येक पंधरवडा ठरवणं, जात एकच आहे. हॉलंडमध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अशाच प्रकरणात हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका आला आणि जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

जून २०२५ मध्ये आपल्या राज्य मंत्रिमंडळानं शेतीसाठी एआय धोरण मंजूर केलं. 'महाॲग्री-एआय', २०२५ ते २०२९, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी. मला याचा आनंदच आहे. कीड आधी कळली, पावसाचा अंदाज सुधारला, तर आमच्या तालुक्याइतका फायदा कुणाला? पण सल्ला देणारं मशीन वेगळं आणि निकाल देणारं मशीन वेगळं. सल्ला चुकला तर शेतकरी तो ऐकणार नाही. निकाल चुकला तर त्याला भोगावाच लागतो. म्हणून निकाल देणाऱ्या यंत्रासाठी माझ्या तीन मागण्या, सगळ्या जुन्याच. नियम आणि माझा आकडा मला मराठीत दाखवा (टिळक). आकडा पटला नाही तर तिसऱ्या माणसाकडे फेरतपासणी, आणि निकाल फिरवायचा अधिकार त्या माणसाला असू द्या (खेडा). आणि मधूनमधून शेतात जाऊन यंत्राचं उत्तर प्रत्यक्ष पिकाशी ताडा, किती वेळा चुकलं ते छापा (सुखात्मे).

आणि आपण कोड लिहिणारी मंडळी? आपल्या हातात धोरण नाही, पण स्क्रीन आहे. ज्या स्क्रीनवर 'अपात्र' असं दिसतं, त्याच स्क्रीनवर कारण आणि हरकतीचं बटण देणं हे दोन दिवसांचं काम आहे. रिक्वायरमेंटमध्ये नाही म्हणून आपण ते करत नाही. गेल्या सोमवारी मी आमच्या प्रोजेक्टमध्ये हा मुद्दा काढला. मॅनेजर म्हणाला, "पुढच्या फेजमध्ये बघू." पुढची फेज म्हणजे काय ते तुम्हाला माहीतच आहे. तरी मी टिकीट टाकून ठेवलंय.

मोठ्या बाबांना मी शेवटी एक अर्ज लिहून दिला. बगीच्याचे फोटो, तारखा, नाल्यापलीकडच्या मंडळाचा पाऊस, सगळं जोडून. उत्तर अजून आलेलं नाही. परवा फोनवर विचारलं तर म्हणाले, "नाही आलं तं नाही आलं. पण या वर्षी तू तेवढं पाणी मोजाचं भांडं आणून दे. मी आपलं रोज लिहून ठेवतो."

पर्जन्यमापक मागवलाय. पुढच्या महिन्यात जाताना घेऊन जाईन.